शेवटचे बारा भागाकार

अगं, कावळा शिवला नाही.

दहाव्याला तळ्याच्या घाटावर आम्ही दोन तास बसून होतो. भाताचे गोळे मांडलेले, वर दही, बाजूला तुला आवडायचा तो भोपळ्याचा घारगा. कावळे नव्हते असं नाही. समोरच्या पिंपळावर सात होते, मी मोजले. खाली यायचे, मान वाकडी करून बघायचे आणि परत फांदीवर जाऊन बसायचे. सुमन रडत रडत म्हणाली, "आई, बाबांना मी एकटं ठेवणार नाही गं, डोंबिवलीला घेऊन जाईन." काही नाही. जावई म्हणाले, "बेबीची शाळा मधेच सोडवणार नाही, शब्द देतो." तरी नाही. खालच्या खोलीतले करमरकर मास्तर आले होते. त्यांनी मला कोपराने ढोसलं. "तात्या, तुम्ही बोला. वहिनींचं काय राहिलं असेल ते तुम्हालाच ठाऊक."

मी म्हटलं, "तुझी तुळस जगवीन."

तर त्यातला एक उडाला आणि पलीकडे दुसऱ्या कुणाचा दहावा चालला होता तिथला गोळा उचलून गेला. गुरुजी म्हणाले, ऊन चढलं, दर्भाचा करू या. मग गवताचा कावळा करून शिववला. सगळे उठले.

मला ठाऊक होतं काय राहिलं होतं ते. पण ओल्या पंच्याने, चार माणसांत, कसं बोलणार होतो? अगं, तुझे शेवटचे बारा भागाकार मी केलेच नाहीत. तू विचारलंस तेव्हा तोंडाला आलं ते सांगितलं. असं घाटावर उभं राहून कुणी बोलतं का? नवरा गावभर हसं करून घेईल आणि बायकोचंही करील.

आज पस्तीस दिवस झाले. सुमन तेराव्यानंतर दोन दिवसांनी गेली. मी गेलो नाही तिच्याबरोबर. भांडली माझ्याशी. म्हणाली, "इथे काय ठेवलंय आता?" तिला काय सांगू? इथे तू जागोजागी सापडतेस. डाळीच्या डब्यात तळाला घातलेला कागद काढला, त्यावर भागाकार. देवाच्या तसबिरीमागे कागद दुमडून खोचलेला, त्यावर भागाकार. चुलीशेजारच्या भिंतीवर, तू बसून हात वर केलास की पोचेल एवढ्या उंचीवर, कोळशाने लिहिलेले सहा आकडे. सुमन ती भिंत पुसायला निघाली होती. मी ओरडलो तिच्यावर. ती घाबरली. पोरीला वाटलं म्हातारा बिघडला.

आणि चार वाजता पाटीचा आवाज येतो. खोटं नाही सांगत. दुपारची भांडी झाली, चहा झाला की तू खिडकीपाशी बसायचीस तेव्हाचा. पेन्सिल पाटीवर टेकवायच्या आधी तू दोनदा टक-टक करायचीस, तो आवाज. मी बघतो तर खिडकीत कोणी नसतं. मी विचारतो, "गेला का?" सवयीने विचारतो. गेली नऊ वर्षं मी त्या वेळेला तेच विचारत आलोय. आणि तू मान न वळवता सांगायचीस, "नाही जात. पुढचा."

तुझा तो आकडा मला झोपेतून उठवून विचारला तरी पाठ आहे. दोन अब्ज, चौदा कोटी, चौऱ्याहत्तर लाख, त्र्याऐंशी हजार, सहाशे सत्तेचाळीस. चौथी पास माणसाला हा आकडा पाठ असायचं कारण नाही. मिठागरावर तोलार म्हणून जन्म काढला, गोण्या मोजल्या, पण अब्जापर्यंत कोण जातं?

आपल्या नातीमुळे, बेबीमुळे झालं सगळं. स्वातंत्र्य आलं त्याच्या पुढच्या मे महिन्यात ती सुट्टीला आली होती, सहा वर्षांची. तिला चिंचोक्यांचा नाद. तू म्हणालीस, रोज देईन. पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी चार, रोज कालच्या दुप्पट. मला वाटलं म्हातारी पोरीला फसवते आहे. सातव्या-आठव्या दिवसापर्यंत बेबी खूश. दहाव्या दिवशी पाचशे बारा द्यायचे होते. तू टेंभी नाक्यापर्यंत घरोघर फिरून चिंचोके मागितलेस आणि तरी भरले नाहीत. बेबीने भोकाड पसरलं. तेव्हा तिला गप्प करायला तू पाटी घेतलीस आणि म्हणालीस, "थांब, महिना पुरा झाला असता तर तुझे किती झाले असते ते बघू." एकतीस दिवसांची दुप्पट-दुप्पट धरून केलीस बेरीज. तोच हा आकडा.

बेबी डोळे पुसून म्हणाली, "मग आजी, आम्ही मैत्रिणी मैत्रिणी सारखे वाटून घेऊ. कितीजणी बोलावू?"

दोघींत वाटले तर एक उरतो. तिघींत एक उरतो. पाच जणींत दोन उरतात, सात जणींत परत एक. तू तिला अकरापर्यंत सांगितलंस, मग ती कंटाळून खेळायला गेली. तू नाही उठलीस. त्या दिवशी भात लागला. मी जेवताना बोललो त्यावरून, आठवतं? तू म्हणालीस, "अहो, तेराने पण नाही जात."

जूनमध्ये बेबी शाळेला गेली. आकडा राहिला आपल्याकडे.

तुझे वडील गावच्या शाळेत मास्तर होते. पडवीत मुलगे पावकी-निमकी घोकायचे आणि तू अंगण सारवता सारवता ऐकायचीस. एक दिवस औटकीत, साडेतीनच्या पाढ्यात, मुलगा अडला आणि अंगणातून उत्तर आलं. तुझ्या वडिलांनी तेवढ्यावरून तुला एकोत्रीपर्यंत सगळे पाढे शिकवले आणि मग माझ्याशी लग्न लावून दिलं. हे तू मला हसत सांगायचीस. मी कधी नीट ऐकून घेतलं नाही. मला वाटायचं, टोमणा मारतेस.

करमरकर मास्तरांना तू आकडा दाखवलास. ते म्हणाले, वहिनी, कशानेच भाग जात नसेल तर त्याला मूळ संख्या म्हणतात. आणि एक करा, प्रत्येक आकड्याने भागून बघू नका. चाराने जाणार असेल तर तो दोनानेच गेला असता, मग चाराला कशाला त्रास? नुसत्या मूळ आकड्यांनी भागा. आणि शेहेचाळीस हजार तीनशे चाळीसच्या पुढे जायचं कारण नाही. मी विचारलं, का? ते म्हणाले, "तात्या, मोठ्याने भाग गेला तर उत्तर लहान येईल ना? मग त्या लहानाने आपण आधीच भागून बघितलेलं असणार." हे मला पटलं. पलीकडून येणारा माणूस अलीकडच्याला भेटल्याशिवाय येऊच शकत नाही, तसं काहीसं.

पण तरी पावणेपाच हजारांच्या वर आकडे होत होते. ते आधी शोधायचे. मिठागराच्या कचेरीतून रद्द झालेले फॉर्म मी आणायचो, त्याच्या पाठीवर तू ओळीने आकडे लिहायचीस आणि मी खोडायचो. तिनाचे खोड, पाचाचे खोड, सातवा सातवा खोड. रविवारची दुपार त्यात जायची. मी तोलाराच्या सवयीने मोजायचो, लाभ, दोन, तीन, चार. पहिल्या मापाला आम्ही एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. तू हसायचीस. म्हणायचीस, "तुमच्या गणितात एक नाहीच का हो?" ते दिवस चांगले होते, एवढं आज लिहून ठेवतो. तेव्हा नाही म्हटलं.

मग दिवसाला दोन भागाकार. सणावाराला सुट्टी. जाड वहीत दोन रकाने, डावीकडे ज्याने भागलं तो आकडा, उजवीकडे बाकी. हळदीकुंकवाला आलेल्या बायका विचारायच्या, "काय वहिनी, फुटला का तुमचा आकडा?" तू म्हणायचीस, "फुटला तर पेढे वाटीन. नाही फुटला तरी वाटीन." बाहेर गेल्यावर काय बोलायच्या ते मी ऐकलंय जिन्यात. तुला सांगितलं नाही.

दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी मास्तर एक पुस्तक घेऊन आले. चेहरा पडलेला. म्हणाले, "वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. हा आकडा मूळ आहे हे पावणेदोनशे वर्षांपूर्वीच एका परदेशी पंडिताने सिद्ध केलंय. त्याचे डोळे अधू होते म्हणे." आणि वर सांगितलं, की त्याने एवढे भागाकार केलेच नाहीत. बासष्टाच्या पाढ्यात एक मिळवून जे आकडे येतात, तेवढ्यांनीच ह्याला भाग जायचा संभव आहे, बाकीच्यांनी जाऊच शकत नाही. त्यातलेही निम्मे गळतात. उरतात शंभराच्या आतच.

मला तर आनंद झाला. म्हटलं, सुटलो. तू ते पुस्तक घेतलंस, चार दिवस मास्तरांबरोबर बसलीस, का जाऊ शकत नाही ते समजून घेतलंस. मास्तर मला म्हणाले, "तात्या, मला अर्धं कळलं होतं, वहिनींनी मला पुरं समजावलं." आणि पाचव्या दिवशी चार वाजता पाटी घेऊन परत बसलीस.

मी म्हटलं, "आता काय? त्या माणसाने केलंय ना?"

"त्याने केलं ते त्याला कळलं. शेजारीण जेवली म्हणून माझं पोट भरतं का?"

"मग ते बासष्टवालेच कर. बाकीच्यांनी जात नाही हे तुला कळलंय."

"कळलंय की."

"मग?"

"तांदळात खडे नाहीत असं वाणी सांगतो. म्हणून मी निवडायचं सोडते का?"

ह्यावर आपण किती वर्षं भांडलो! मी म्हणायचो, उपयोग काय? तू म्हणायचीस, उपयोग नाही. एवढं सरळ उत्तर दिलं की भांडायला काही उरत नाही माणसाला, त्याने मला अजून राग यायचा. एकदाच तू वेगळं बोललीस. रेशनचे दिवस होते, तू चार माणसांचा भात सहा पानांत वाढत होतीस. गाववाले आले होते अचानक. मी स्वयंपाकघरात आलो तर तू डाव हातात धरून नुसती उभी. म्हणालीस, "सगळ्यांना सारखं पुरेल असं करण्यात हात झिजले माझे. एक तरी सापडलाय की ज्याची वाटणीच होत नाही. मला बघू दे ना त्याला नीट." मी पाणी पिऊन बाहेर गेलो.

आणि पाटी. पाटीचं बोलायलाच हवं. मीठ भरायचा हंगाम होता, कोलशेतहून पाय फाटून आलेलो. मिठाने चिरा पडतात, त्यात मीठच जातं. मी दारात बसलो आणि तू आतून विचारलंस, "अहो, सतराचा चौदावा काय होतो?" पाण्याचा तांब्या नाही, काही नाही. तुला सगळे पाढे पाठ, तू मला मुद्दाम विचारत होतीस, बोलायला म्हणून, हे आज कळतंय. तेव्हा मी उठलो आणि पाटी फेकली. कोपरा उडाला. तू तुकडा उचललास, पाटी पुसलीस आणि त्याच तीन कोपऱ्यांच्या पाटीवर पुढची सहा वर्षं काढलीस. नवी आणू दिली नाहीस. मी कधी चुकलं म्हणालो नाही. तू कधी विषय काढला नाहीस. ती पाटी आता माझ्या मांडीवर आहे.

मला त्या आकड्याचा हेवा वाटायचा. लिहिलं एकदाचं.

चाळीस हजारांच्या पुढे गेलीस तेव्हा तुझे डोळे गेले. मोतीबिंदू. कल्याणच्या डॉक्टरांनी सांगितलं, काढून टाकू. तू म्हणालीस, थोडे राहिलेत, ते झाले की. थोडे म्हणजे सहाशे होते. तेव्हा तुला ओढत न्यायला हवं होतं मी. नाही नेलं, कारण खरं सांगू? डोळे गेल्यावर मी तुला लागायला लागलो. मी आकडा वाचून दाखवायचो, तू डोळे मिटून मनात भागायचीस, मी वहीत लिहायचो. नऊ वर्षांत पहिल्यांदा चार वाजता मी तुझ्या शेजारी बसत होतो. मला ते हवं होतं.

मग धाप लागायला लागली. अंथरूण धरलंस. मनातले भागाकार मधेच तुटायला लागले. एक दिवस म्हणालीस, "किती राहिले?"

"बारा."

"ते तुम्ही करा."

"मी? मला एक करायला तास लागेल. आणि चुकेल."

"चुकू दे. परत करा. निदान बारा तरी तुमचे असू देत."

मी वहीत ते बारा आकडे डावीकडे लिहून ठेवले. उजवीकडचा रकाना मोकळा. दोन दिवस खरंच बसलो पाटी घेऊन. एकही पुरा झाला नाही. तुझी पेज करायची, शेक द्यायचा, औषध आणायचं, चादर बदलायची. हे सगळं खरं आहे. पण हेही खरं की माझं डोकं चालेना आणि मला संताप आला. बाई मरायला टेकली आहे आणि हा आकडा मधे. तू विचारलंस, "झाला का आजचा?" मी म्हटलं, "झाला. नाही जात." "बाकी किती?" मी सांगितली काहीतरी. तीन हजार अमुक. अकरा हजार तमुक. गोण्यांचे जुने आकडे डोक्यात पडलेले असतात तोलाराच्या, ते बाहेर काढत गेलो. तू डोळे मिटून ऐकायचीस आणि म्हणायचीस, "पुढचा."

असे अकरा झाले. बाराव्याला संध्याकाळी तू विचारलंस, "शेवटचा?"

"शेहेचाळीस हजार तीनशे सदतीस. नाही जात."

"बाकी?"

मी म्हटलं, "सत्तेचाळीस हजार एकशे आठ."

तुझे डोळे मिटलेलेच. मला वाटलं झोप लागली. मग डोळे उघडलेस, दिसत नव्हतं तरी माझ्या बाजूला बघितलंस आणि म्हणालीस, "बरं."

तेवढंच. नऊ वर्षांचं काम संपलं आणि बाई नुसतं बरं म्हणते. मी वाट बघत होतो, तू हसशील, पेढे आणा म्हणशील. थोड्या वेळाने म्हणालीस, "परत एकदा करून बघा हं कधीतरी. घाई नाही."

मी तडकलो. "परत कशाला? माझ्यावर भरवसा नाही का?"

"तसं नाही हो."

तिसऱ्या दिवशी तू गेलीस. आपलं शेवटचं बोलणं ते. बाकी मग पाणी हवं का, कूस बदलू का, एवढंच.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सुमन कागद बंबात घालायला निघाली तेव्हा मी वही काढून घेतली. म्हटलं, निदान वही तरी पुरी करू, उजवा रकाना मोकळा दिसतोय. तुला जे जे सांगितलं होतं ते आठवून लिहायला बसलो. म्हणजे खोटं होतं ते पक्कं करायला बसलो, काय लपवायचं. अकरा लिहिले. बारावा लिहिला. डावीकडे शेहेचाळीस हजार तीनशे सदतीस, उजवीकडे सत्तेचाळीस हजार एकशे आठ.

आणि हात थांबला.

पंगतीला सात जण बसले आणि लाडू वाटून नऊ उरले असं कुणी म्हणेल का? नऊ उरले तर अजून एकेक वाढ की सगळ्यांना. ज्याने भागायचं त्याच्यापेक्षा बाकी मोठी नसते. हे बेबीला कळतं. हे मला कळतं. पेन हातात असतं तर मी असली चूक केली नसती. तोंडाने खोटं बोलताना झाली.

आणि तुला ऐकताक्षणी कळलं असणार. तुला? पडवीतून औटकी ऐकून शिकलेल्या बाईला? शेवटचा कळला म्हणजे आधीचे अकराही कळले असणार. तरी अकरा वेळा तू "पुढचा" म्हणालीस. आणि बाराव्याला "बरं".

त्या "बरं"ने मला पुढे आठ दिवस खाल्लं. रागाचं होतं का ते? थकल्याचं होतं? का तू मला सोडून दिलंस, जाऊ दे, ह्याच्याकडून होत नाही म्हणून? मी घरात ते मोठ्याने म्हणून बघतो. बरं. बरं. तुझ्यासारखं येत नाही. जिन्यावरून मास्तर वर आले एकदा, म्हणाले, "तात्या, कुणाशी बोलताय?" मी त्यांना सगळं सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी.

भला माणूस. म्हणाले, "तात्या, मनाला लावून घेऊ नका. आकडा मूळच आहे. आणि तुमचे हे बारा बासष्टाच्या हिशोबात बसतात का बघू." पेन्सिलीने बघितलं आणि म्हणाले, "हा शेवटचा तर मुळीच नाही बसत. ह्याने भाग जाणं शक्यच नाही. करायची गरजच नाही."

मी म्हटलं, "मास्तर, तांदूळ वाण्याने निवडून दिला म्हणून तुम्ही तसाच शिजवता का?"

त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली. मग हळूच म्हणाले, "वहिनी बोलल्या हो." आणि खाली गेले.

उजव्या रकान्यातले बाराही आकडे मी खोडले. खोडायची सवय आहेच, तूच लावलेली. आणि त्याच दिवशी चार वाजता खिडकीपाशी बसलो. पहिला भागाकार तीन दिवस चालला. रोज वेगळी बाकी यायची. तू शिकवलेली नवाची तपासणी, अंकांची बेरीज जुळवून बघायची ती, लावायचो, जमायची नाही, पुसायचो. मग हात बसला. दुसरा दीड दिवसात झाला, पुढचे रोज एक-दोन. वही बघितलीस तर तुला दिसेल, तुझे बारीक सुबक आकडे आणि खाली माझे गोणीवर लिहिल्यासारखे. कालपर्यंत अकरा झाले. त्यांतला एकही जात नाही. तुला सांगितलेली एकही बाकी बरोबर नव्हती, एक तरी चुकून बरोबर यावी, तीही नाही.

आज शेवटचा.

घाबरलो होतो, खरं सांगतो. मास्तरांनी सांगितलंय जात नाही, पुस्तकात लिहिलंय जात नाही, तरी बसताना मनात येत होतं. समजा मीच केल्यावर गेला तर? पाटी धुऊन घेतली. तुटलेला कोपरा आपल्याकडे करून धरली, तू धरायचीस तशी. पेन्सिल दोनदा टेकवली.

चार वेळा बसला. मग सहा वेळा, उरले पंधरा हजार नऊशे एक्क्याऐंशी. मग तीन वेळा. मग चार, परत चार. शेवटची वजाबाकी करताना मी खाली बघतच नव्हतो नीट, शून्य येतंय की काय म्हणून.

एकेचाळीस हजार सातशे एकोणीस.

शेहेचाळीस हजारांपेक्षा लहान. हे आधी बघितलं.

नऊ टाकून तपासलं. ज्याने भागलं त्याचे पाच, उत्तराचे तीन, पाच त्रिक पंधरा, पंधराचे सहा, सहा आणि बाकीचे चार दहा, दहाचा एक. तुझ्या आकड्याची बेरीज शेहेचाळीस, शेहेचाळीसचे दहा, दहाचा एक. इकडे लाभ, तिकडे लाभ. तू म्हणायचीस एवढ्यावर विसंबू नये, म्हणून गुणाकारही केला उलटा. पाटी पुरली नाही, फॉर्मच्या पाठीवर केला. बाकी मिळवली. दोन अब्ज, चौदा कोटी, चौऱ्याहत्तर लाख, त्र्याऐंशी हजार, सहाशे सत्तेचाळीस. आकडान् आकडा.

वहीत लिहिलं. मग खिडकीकडे तोंड करून मोठ्याने म्हटलं, "नाही जात. बाकी एकेचाळीस हजार सातशे एकोणीस."

आणि थांबलो, तू "पुढचा" म्हणशील म्हणून. पुढचा नाहीये, माहीत आहे मला. तरी थांबलो. खाली मास्तरांकडे स्टोव्हला पंप मारत होते, तो आवाज येत होता. तुळशीला आज पाणी घातलेलं आहे. कौलावर कावळा होता का? बघितलं नाही. त्याचं काम त्याने करावं, माझं मी केलं.

उद्या सकाळी टेंभी नाक्यावरून पेढे आणतो. त्या बायकांच्या घरी स्वतः नेऊन देतो. विचारलंच कुणी, तर सांगेन, नाही फुटला.

तू म्हणाली होतीस तसं केलं गं. परत केला. घाई नाही केली.